ढाण्या गप्प बसायला शिकतो

ढाण्याची आणि कानसेनची पहिली भेट झाली तेव्हा ढाण्या एका वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये बसला होता आणि कानसेनचं बोट त्याच मशीनच्या बटणापासून दोन इंचांवर होतं. ते दोन इंच सरले असते, तर जगातला पहिला धुतलेला, खंगाळलेला आणि पिळून काढलेला कुत्रा त्या गल्लीत तयार झाला असता.

त्याचं असं झालं. समोरच्या रस्त्यावर एका ट्रकचं टायर फुटलं. त्या आवाजाने माणसं नुसती दचकली. एक पिवळट, हडकुळा, एक कान उभा आणि एक आडवा असलेला कुत्रा मात्र जागच्या जागी चार फूट उडाला आणि खाली यायच्या आधीच पळायला लागला. त्याने रस्ता ओलांडला, एका सायकलवाल्याला सायकलसकट उलट्या दिशेला तोंड करून ठेवलं, कानसेनच्या दुकानात शिरून पंख्याची पाती चौफेर उधळली, इस्त्री दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका बाईंच्या पायांमधून गेला आणि नाहीसा झाला. त्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं की पायांतून काहीतरी गेलं. दुसऱ्या दिवशी ते वासराएवढं होतं. आठवडा उलटेपर्यंत त्याच्या अंगावर पट्टे आले होते. ‘ढाण्या’ हे नाव त्या पट्ट्यांवरून पडलं.

कानसेनचं या कशाकडेही लक्ष नव्हतं, कारण तो ऐकत होता. त्याची पद्धतच तशी होती. मोटार असो, पंप असो की मिक्सर, तो हात लावण्याआधी एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक यंत्रावर टेकवायचा, मूठ कानाशी लावायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टरलोक नळी लावून छाती तपासतात तसं. मग डोळे उघडून निकाल द्यायचा. या कानामुळेच त्याला गावाने कानसेन म्हणायला सुरुवात केली होती, आणि आता त्याचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं.

त्या दिवशीही त्याने टोक ड्रमला टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “बेअरिंग गेलंय. धाडधाड वाजतंय.”

मशीन अजून सुरूच केलेलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. खात्री करून घ्यावी म्हणून त्याने बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, “अहो, तुमच्या त्या बेअरिंगला शेपूट आहे.”

पस्तीस वर्षांत आपलं हे एकच निदान चुकलं, असं कानसेन पुढे अभिमानाने सांगायचा. आणि ज्याच्या हृदयाला आपण बेअरिंग समजलो त्याला रस्त्यावर सोडणं बरं नाही, म्हणून ढाण्या संध्याकाळी त्याच्याबरोबर वर घरी गेला.

घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसं तीन: कानसेन, त्याची बायको आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले होते आणि जीभ शाबूत होती. त्यांचा पलंग ज्या भिंतीला लागून होता तिच्यापलीकडे लिफ्टचा उभा बोगदा वरपासून खालपर्यंत गेला होता. कुत्र्याला बघून त्या म्हणाल्या, “जावईबापू, घरात एक न ऐकणारं होतं तेवढं पुरे नव्हतं का?”

पण ढाण्या ऐकायचा. ऐकायचा म्हणजे काय, त्याचं सगळं आयुष्य त्या दोन कानांतच जायचं. दुकानात ग्राइंडर घरघरत असला, हातोडा पडत असला तरी हा खुशाल घोरत पडायचा. तेच कुणी प्लास्टिकची पिशवी झटकली की पलंगाखाली. चिकटपट्टी टर्रकन ओढली की पलंगाखाली. घरात झाडायचं मशीन सुरू झालं की पलंगाखाली, आणि पलंग भिंतीपासून चार बोटं सरकलेला. कानसेनला याचं मोठं कौतुक वाटायचं. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने दोन रकाने आखले: ‘आवाज’ आणि ‘परिणाम’. दोन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं की मोठा आवाज ही कुत्र्याची अडचण नाहीच. अडचण आहे ती अचानक आलेल्या आणि कुठून आला ते न दिसणाऱ्या आवाजाची. ग्राइंडर डोळ्यांपुढे असतो. आकाशात गडगडतं तेव्हा ते कोण करतंय हे कुत्र्याला कुणी दाखवत नाही.

मग त्याने उपचार सुरू केला. झाडायचं मशीन बंद करून मध्ये ठेवलं आणि त्याच्याभोवती उकडलेल्या अंड्याचे तुकडे मांडले. चार दिवसांनी मशीन शेजारच्या खोलीत, दार लावून, अर्धा मिनिट सुरू केलं. पुन्हा अंडं. मग दार उघडं, मग त्याच खोलीत. महिन्याभरात ढाण्या मशीनच्या नळीवर हनुवटी ठेवून झोपायला लागला. कानसेनची छाती एवढी फुगली की शर्टाचं वरचं बटण लावता येईना. जो भेटेल त्याला तो सांगायचा, “भीती म्हणजे गंज असतो हो. हळूहळू घासायचा, तेल द्यायचं, निघतो.”

कानसेनला एक गोष्ट मात्र सांगून उपयोग नव्हता. सासूबाईंना ताप आला तेव्हा त्याने थर्मामीटर लावला आणि सात मिनिटं धरून बसला. त्या सात मिनिटांत ढाण्या तीनदा उठून पलंगाखाली गेला आणि तीनदा बाहेर आला.

“हा बिघडलाय,” कानसेन म्हणाला. “वाजतच नाही.”

“वाजला की तीनदा,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “अहो, एकदा कान दाखवून या ना.”

“कुणाला दाखवू? सगळ्यांना दिसतातच आहेत.”

त्याने थर्मामीटर उघडून दुरुस्त केला. त्यानंतर तो खरोखरच वाजेनासा झाला.

लिफ्टचं प्रकरण सुरू झालं ते एका मंगळवारी सकाळी. ढाण्या रोज कानसेनबरोबर लिफ्टने खाली जायचा. त्या दिवशी लिफ्ट वर येत असताना तो दारापासून मागे सरला, त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि त्याने असा काही गळा काढला की चौथ्या मजल्यावरचं दार उघडून कुणीतरी विचारलं, “कोण गेलं?”

कुणीही गेलेलं नव्हतं. लिफ्ट आली, दार उघडलं, आत दिवा होता, आरसा होता. नेहमीसारखंच सगळं. ढाण्याने आत पाय टाकला नाही. कानसेन त्याला उचलून जिन्याने घेऊन गेला.

त्या दिवसापासून लिफ्ट हलली की ढाण्या विव्हळायचा. दुपारी तीनला शाळा सुटून मुलं यायची आणि लिफ्ट सारखी वरखाली व्हायची. त्याच्या दहा मिनिटं आधीच तो स्वयंपाकघराच्या पार टोकाला जाऊन बसायचा. सासूबाईंच्या पलंगाखालची त्याची जागा त्याने सोडली. नुसती सोडली नाही, तर तो रोज त्या पलंगापाशी जायचा, सासूबाईंच्या चादरीचं टोक दातांत धरायचा आणि ओढायचा.

“याला माझी चादर कशाला हवीय?” सासूबाई म्हणायच्या. “मेल्या, सोड. फाटेल.”

इमारतीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. निवृत्त हेडक्लार्क. ते बोलत नसत, तोंडी नोटीस काढत. कुत्र्याच्या रडण्याने तीन घरांतून तक्रारी आल्यावर ते दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. “कानसेन, आपणांस कळविण्यात येते की हे चालणार नाही.”

कानसेनने लगेच अवजारं उचलली. कुत्रा लिफ्टला घाबरतो, तर लिफ्टची नाडी बघू या. दोघं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. खाली कुणालातरी बटण दाबायला सांगितलं. मोटार फिरायला लागली, दोर सरकायला लागले. कानसेनने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवलं, मग गिअरला, मग पुलीच्या बेअरिंगला. मूठ कानाशी. डोळे मिटलेले. तिथे तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. सेक्रेटरींनी श्वाससुद्धा जपून घेतला.

ढाण्या खाली तिसऱ्या मजल्यावर रडत होता. ते मात्र दोघांनाही ऐकू येत होतं.

“कशी आहे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“लोण्यासारखी,” कानसेन म्हणाला. “काही नाही हिला. दोष कुत्र्यात आहे.”

लिफ्ट कंपनीचा माणूस त्या महिन्यात तपासणीला यायचा होता. सेक्रेटरींनी त्याला कळवलं की घाई नाही, आमच्याकडे आमचा माणूस आहे. मग ते कानसेनकडे वळून म्हणाले, “आता दोष कुत्र्यात आहे हे आपणच सांगितलंत. एक महिना. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी खाली उभा राहीन. कुत्रा लिफ्टने तिसऱ्या मजल्यावरून खाली आला पाहिजे आणि आवाज आला नाही पाहिजे. आला, तर कुत्रा इमारतीत राहणार नाही.”

कानसेनला मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवत नसे. पण दुकान बंद करून वर जाताना पायात पायात करणारं कुणीतरी त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालं होतं. त्या रात्री तो जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन डझन अंडी घेऊन आला.

आधी त्याने लिफ्टचा आवाज मोबाइलवर भरून घेतला आणि घरात हळू लावला. ढाण्याने अंडं खाल्लं. आवाज वाढवला. अंडं खाल्लं. पूर्ण मोठा केला, तेव्हा ढाण्या मोबाइलशेजारी आडवा झाला आणि झोपला. कानसेनला वाटलं, गड सर झाला. तो ढाण्याला घेऊन लिफ्टच्या दाराशी गेला. लिफ्ट हलली आणि ढाण्याने त्याच्या पायांमागे तोंड लपवलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. “मोबाइलमधल्या लिफ्टला भीत नाही, खरीला भितो,” ती म्हणाली. “म्हणजे खरीमध्ये काहीतरी आहे, जे मोबाइलमध्ये आलेलं नाही.”

“दोन्ही आवाज एकच आहेत.”

“तुम्हाला एकच वाटतात.”

“अगं, पस्तीस वर्षं मी हेच करतोय.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली आणि आत गेली.

दुसरा कुणी असता तर इथे थबकला असता. निदान स्क्रूड्रायव्हर नसलेला कुणीही थबकला असता. पण कानसेनच्या कानाचा एकदा निकाल लागला होता, आणि त्या निकालावर अपील कुठे करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने उपचार दाराशी हलवला. रोज चार वेळा, लिफ्ट वरखाली होत असताना, अंड्याचा तुकडा. रडला तर तुकडा नाही. गप्प राहिला तर तुकडा. ढाण्या बुद्धीने मठ्ठ नव्हता. तीन आठवड्यांत त्याला समजलं की ऐकू येतं ते ऐकू येतच राहणार आहे, फक्त ते सांगायचं नाही.

तो रडायचा थांबला. लिफ्ट यायला लागली की भिंतीकडे तोंड करून बसायचा, जीभ काढून नाक चाटायचा, पुन्हा पुन्हा चाटायचा आणि मोठमोठ्या जांभया द्यायचा.

“बघा,” कानसेन शेजाऱ्यांना सांगायचा, “आता कंटाळा यायला लागलाय त्याला.”

“जांभया देतो, पण झोपत कुठे?” बायको म्हणायची. “दोन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा नाही. आणि अंग बघा, शिलाई मशीनवर ठेवल्यासारखं थरथरतंय.”

“गारठा आहे.”

त्या शेवटच्या आठवड्यात एकदा ती भाजी घेऊन लिफ्टने वर आली आणि पिशवी ठेवायच्या आधी म्हणाली, “आज मला पण ऐकू आलं. वरून. फार बारीक. सुई घासल्यासारखं.”

कानसेन स्क्रूड्रायव्हर उचलून दारापर्यंत गेलाही. पण रविवार चार दिवसांवर होता. लिफ्टमध्ये दोष आहे म्हणावं, तर कंपनीचा माणूस येणार, लिफ्ट बंद होणार, परीक्षा पुढे जाणार आणि सेक्रेटरी म्हणणार की कुत्र्याला वाचवायला कानसेनने आपलाच निकाल फिरवला. शिवाय वेळ पडली तर सासूबाईंना खाली नेता येणार नाही. एवढा सगळा विचार करून तो म्हणाला, “ती हवा असते.”

“आई, तुला येतं का गं काही ऐकू?” बायकोने सासूबाईंना विचारलं.

“मला तर तूसुद्धा नीट येत नाहीस,” सासूबाई म्हणाल्या. कानात घालायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. झिजू नये म्हणून त्या ते डबीत ठेवत.

रविवारी सकाळी दहाला सेक्रेटरी खाली घड्याळ घेऊन उभे राहिले. तक्रार केलेल्या तीन घरांतले चार-पाच जण जिन्यावर बसले होते. सेक्रेटरींनी अट घातली की मालकाने कुत्र्याबरोबर यायचं नाही, कारण मालकाच्या खिशात अंडं असतं. मग बरोबर कोण? बायको जिन्याने खाली आली होती आणि तिने आधीच सांगून टाकलं होतं की ती या प्रकारात नाही. शेवटी कानसेन हे सांगायला वर गेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी घेऊन येते मेल्याला. नाहीतरी महिनाभर खालची जमीन बघितली नाही.”

त्याने सासूबाईंच्या एका हातात काठी दिली, दुसऱ्या हातात ढाण्याचा पट्टा दिला. लिफ्ट आली. ढाण्या दारासमोर बसला. कानसेनने अंड्याचा तुकडा पुढे केला. ढाण्याने तो तोंडात घेतला, पण चावला नाही. नुसता धरून ठेवला आणि कानसेनकडे बघत राहिला. डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसत होता.

“हुशार आहे,” कानसेन म्हणाला. “खाली गेल्यावर खाणार.”

ढाण्या आत गेला. शिकवलेलं होतं म्हणून गेला. सासूबाई त्याच्यामागून गेल्या आणि दार लागलं.

कानसेन जिन्याने धावत खाली आला. सेक्रेटरींनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे कान देऊन ऐकायला लागले. लिफ्टच्या दारावर आकडा होता तीन. मग दोन. कुत्र्याचा आवाज नाही. विव्हळणं नाही, गुरगुरणं नाही, काही नाही. जिन्यावरच्या एका गृहस्थाने कानसेनकडे बघून अंगठा वर केला. कानसेनच्या चेहऱ्यावर हसू पसरायला सुरुवात झाली.

बायको हसत नव्हती. ती वर बघत होती. “अहो, ते वाजतंय,” ती म्हणाली. “सगळ्यांना ऐकू येतंय की नाही?”

जिन्यावरच्या दोघांनी मान वर केली. कानसेनने डोळे मिटून ऐकलं. त्याला शांतता ऐकू आली.

मग गच्चीवर काहीतरी ओरडलं, आणि हे मात्र सगळ्यांनाच ऐकू आलं. पाठोपाठ दोर फटकारल्याचा आवाज, आणि भिंतीच्या आतून काहीतरी जड खाली घसरत आल्याचा. पहिल्या मजल्याच्या थोडं वर लिफ्ट आपोआप धरली गेली आणि थांबली. इमारतीतली सगळी दारं एकदम उघडली.

कानसेन पहिल्या मजल्यावर दाराला तोंड लावून ओरडत होता, “आई, आई, काय झालं?”

आतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी हळू. “पडलेय मी. पाय हलत नाही.”

“ढाण्या आहे ना जवळ?”

“आहे. गप्प बसलाय.”

त्यांना बाहेर काढायला पाऊण तास लागला. ढाण्या त्यांच्या उशाशी भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. अंड्याचा तुकडा तसाच फरशीवर होता. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

कंपनीचा माणूस दुपारी आला. गच्चीवरून खाली उतरला तो हात पुसत. “पुलीचं बेअरिंग जळून गेलंय,” तो म्हणाला. “कोरडं पडलं होतं. दोन महिने तरी किंचाळत असणार. आधी फार बारीक किंचाळतं, माणसाला येत नाही ऐकू. मग हळूहळू खाली येतं. शेवटी शेवटी तर कुणालाही कळायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही?”

सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघितलं.

“एक जण सांगत होता,” बायको म्हणाली. “त्याला आम्ही शिकवलं.”

त्या माणसाला काही कळलं नाही. त्याने कागदावर सही घेतली आणि तो गेला.

पुढच्या आठवड्यात कानसेनने कान तपासून घेतले. एका ठराविक पट्टीच्या वरचं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की हे काल-परवाचं नाही, निदान दहा वर्षांचं असेल. घरी येऊन त्याने ढाण्यासमोर प्लास्टिकची पिशवी झटकली. पूर्वी ज्याने पलंग सरकवला असता तो कुत्रा जागचा हलला नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि जांभई दिली. कानसेनने चिकटपट्टी ओढली, दार आपटलं, बायकोला नवा थर्मामीटर वाजवायला सांगितला. प्रत्येक वेळी तेच. त्याला काय ऐकू येत होतं आणि काय नाही, कशाची भीती वाटत होती आणि कशाची नाही, हे आता कुणालाच कळायला मार्ग राहिला नव्हता. कानसेनने कॅलेंडर खाली काढलं आणि ‘परिणाम’ या रकान्याकडे बराच वेळ बघत बसला. त्या दिवसापासून दुकानात यंत्र सुरू केलं की तो आधी बायकोला बोलवायला लागला. ती डबा खाली ठेवायची, ऐकायची आणि काय ते सांगायची. तिचं निदान सहसा चुकत नसे.

महिन्याच्या शेवटी सेक्रेटरींनी फलकावर नोटीस लावली. परीक्षेच्या वेळी कुत्र्याने कोणताही आवाज केला नसल्याने त्याला इमारतीत राहण्यास हरकत नाही, असं तीत लिहिलं होतं.

त्याचा उपयोग झाला नाही. सासूबाई रुग्णालयातून परस्पर धाकट्या मुलाकडे गेल्या, कारण त्याचं घर तळमजल्यावर होतं. जाताना त्यांनी कुत्रा मागितला आणि कानसेनला नाही म्हणता आलं नाही. मेव्हण्याकडे लिफ्ट नाही, आणि तिथे गेल्यापासून ढाण्याचं वजन चार किलोंनी वाढलं आहे.